दवाखान्याच्या दारापर्यंतची वाट

रोग आहे, त्यावर उपाय आहे, उपाय जाणणारा डॉक्टरही आहे. आणि तरीही रोगी डॉक्टरकडे जात नाही, असे का व्हावे? पैसा नसेल, अंतर लांब असेल, अज्ञान असेल, अशी तीन उत्तरे कोणीही चटकन देईल. ही उत्तरे खोटी नाहीत; पण रोग जेव्हा मनाचा असतो तेव्हा ती फार अपुरी पडतात. पाय मोडलेला माणूस कण्हत का होईना, दवाखाना गाठतो. मन खचलेला माणूस मात्र दाराशी दवाखाना असूनही घरात बसून राहतो. आपल्याला जे होत आहे त्याला रोग म्हणावे की नाही, तेच त्याला ठाऊक नसते. ठाऊक असले तरी चारचौघांत सांगण्याची लाज वाटते. आणि लाज सोडून सांगायचे ठरवले तरी ऐकणाऱ्याला आपले बोलणे कळेल, याचा भरवसा नसतो.

हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॅटिनो समाजापुढे कसा उभा राहिला आणि वस्तीतल्याच माणसांचे जाळे विणून त्या समाजाने तो कसा सोडवू पाहिला, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. तिकडे मनाचे विकार आणि दारू किंवा इतर मादक पदार्थांची व्यसने या दोहोंच्या उपचारांना मिळून एकच नाव आहे. शब्दशः सांगायचे तर ‘वर्तनाचे आरोग्य’. आम्ही ‘मनाचे आरोग्य’ असेच म्हणणार आहोत. व्यसनांवरचे उपचार त्यात धरले आहेत, असे वाचकांनी समजावे.

प्रथम हे लोक कोण, ते पाहू. मेक्सिको, मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटे यांच्याशी ज्यांचे मूळ जोडलेले आहे ते लॅटिनो. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २० लाखांच्या घरात भरली. म्हणजे दर पाच अमेरिकनांत जवळजवळ एक. यांतील सगळेच बाहेरून आलेले आहेत, असे मात्र नाही. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला, तेव्हा तेथील माणसे जागची हलली नव्हती. सरहद्दच त्यांना ओलांडून पुढे गेली. पोर्तो रिको हे बेट १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १९१७ मध्ये तेथील लोकांना नागरिकत्व मिळाले. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतील लाखो मजूर कराराने शेतकामासाठी नेण्यात आले. १९८० नंतर एल साल्वादोर आणि ग्वातेमाला येथील यादवीतून जीव वाचवून पळालेली कुटुंबे आली. तेव्हा लॅटिनो हा एकसाची समाज नव्हे. भाषासुद्धा सर्वांची एक नाही. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या कित्येक मजुरांची मातृभाषा मिस्तेको ही मेक्सिकोतील मूळ रहिवाशांची भाषा आहे. स्पॅनिशही त्यांना परकीच.

या समाजाला मनाच्या आरोग्याची सेवा किती पोहोचत होती? अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात याचे उत्तर आहे. मनाचा विकार जडलेल्या अकरा लॅटिनोंपैकी एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचत नव्हता; आणि जे परदेशात जन्मून तेथे आले होते त्यांच्यात तर हे प्रमाण विसांत एकाहूनही कमी होते.

याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो परगण्यात मेक्सिकन वंशाच्या लोकांची मोठी पाहणी झाली; तिचे निष्कर्ष विल्यम व्हेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडले. अमेरिकेत जन्मलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा मनाचा किंवा व्यसनाचा विकार जडलेला आढळला. मेक्सिकोतून आलेल्यांत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. नव्याने आलेला माणूस अधिक गरीब, अधिक अशिक्षित, भाषेने अधिक पांगळा. तरी त्याचे मन अधिक धड! या कोड्याचा उलगडा अभ्यासक निरनिराळ्या प्रकारे करतात. पण गोतावळा, शेजार, देवळातली ओळख, संकटात धावून येणारी माणसे ही शिदोरी पहिल्या पिढीजवळ असते आणि पुढच्या पिढीत ती सरत जाते, हा त्या उलगड्यातला एक मोठा धागा आहे. ज्या जाळ्यांविषयी आम्ही लिहीत आहोत, ती म्हणजे ही सरत चाललेली शिदोरी पुन्हा बांधून देण्याचा प्रयत्न होय.

आता भाषेचा प्रश्न घेऊ. दवाखान्यात दुभाषी नेमला म्हणजे काम भागले, असे पुष्कळांना वाटते. पण दुभाषी शब्दाला शब्द देतो. दुःखाला नाव देण्याची प्रत्येक समाजाची जी रीत असते, ती त्याच्या हाती नसते. लॅटिनो घरांत ‘नेर्व्हिओस’ असा एक शब्द सर्रास ऐकू येतो. त्याचा कोशातला अर्थ ‘शिरा’ किंवा ‘मज्जा’ असा. पण बाई जेव्हा ‘मला नेर्व्हिओसचा त्रास आहे’ असे म्हणते, तेव्हा झोप नाही, जीव घाबरा होतो, हात थरथरतात, काळजीने मन पोखरले आहे, हे सारे ती एका शब्दात सांगत असते. घरात मृत्यू झाला, अपघाताची बातमी आली, कलह विकोपाला गेला, की एखादी व्यक्ती किंचाळते, थरथरते, रडू आवरत नाही, छातीतून ऊब उठून डोक्यात चढल्यासारखी वाटते, कधी शुद्धही हरपते. याला ‘आताके दे नेर्व्हिओस’ म्हणतात. तिसरा शब्द ‘सुस्तो’. मोठ्या भीतीने जीव शरीर सोडून गेला आणि तेव्हापासून माणूस खंगत चालला, अशी त्यामागची समजूत. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. ‘तिने धसका घेतला’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही हेच सांगत असतो. आणि मूल किरकिरू लागले की दृष्ट काढणारी आजी तिकडेही आहे.

हे न जाणणाऱ्या डॉक्टरापुढे असा रोगी आला म्हणजे दोन चुका संभवतात. अंत्यविधीच्या वेळी आलेला तो झटका भयंकर वेडाचे लक्षण मानला जाईल, ही एक. किंवा ‘नेर्व्हिओस’ ही बायकी कुरकुर समजून खरे औदासीन्य नजरेआड होईल, ही दुसरी. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथात १९९४ मध्ये अशा शब्दांची यादी घातली, आणि २०१३ च्या आवृत्तीत रोग्याला विचारावयाचे १६ प्रश्न दिले: तुम्ही या त्रासाला काय म्हणता? तो कशामुळे झाला असे तुम्हांला वाटते? तुमच्या घरच्यांना काय वाटते? हे प्रश्न उत्तम आहेत. पण ते विचारण्यासाठी माणूस आधी त्या खुर्चीत येऊन बसला पाहिजे. आणि तो येऊन बसत नाही, हीच तर अडचण.

माणसाला खुर्चीपर्यंत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न सरकारी कायद्यातून झाला. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी एका कायद्यावर सही केली. दूरच्या वेड्यांच्या इस्पितळांऐवजी वस्तीवस्तीत मानसिक आरोग्याची केंद्रे काढावीत, हा त्याचा हेतू होता. न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्रॉन्क्स भागात पोर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची दाट वस्ती होती. तेथील लिंकन इस्पितळाने १९६५ च्या सुमारास रस्त्यावरच्या दुकानांच्या गाळ्यांत छोटी सेवाकेंद्रे उघडली आणि त्यांत वस्तीतलीच माणसे कामाला घेतली. या माणसांना पदवी नव्हती. पण कोणत्या जिन्यावर दिवा नाही आणि कोणाच्या घरात उंदीर आहेत, हे त्यांना ठाऊक होते. येणारे लोक मनाचे दुखणे घेऊन येत नसत. घरमालक घरात ऊब पुरवीत नाही, मदतीचा सरकारी धनादेश आला नाही, मुलगा शाळेतून काढला, अशी गाऱ्हाणी घेऊन ते येत. आणि त्या गाऱ्हाण्याच्या पोटात मनाचे दुखणे दडलेले असे.

हा प्रयोग गाजला. परंतु त्यात एक वैगुण्य राहिले. वस्तीतल्या सेवकांना राबवून घेतले गेले, पण निर्णयाचा अधिकार आणि पुढे चढण्याची शिडी त्यांना मिळाली नाही. मार्च १९६९ मध्ये त्यांनी त्या मानसिक आरोग्य विभागाचा कारभारच आपल्या हाती घेतला आणि देशभर खळबळ उडाली. १४ जुलै १९७० रोजी ‘यंग लॉर्ड्‌स’ या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने लिंकन इस्पितळाची इमारत काही तास ताब्यात घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे हेरॉइनच्या व्यसनावर उपचार करणारे केंद्र सुरू झाले. वस्तीतल्या कार्यकर्त्यांचा त्यात मोठा हात होता. १९७८ मध्ये नगरप्रशासनाने ते केंद्र त्यांच्या हातून काढून घेतले. लिंकनच्या या साऱ्या हकिकतीतून एक धडा निघतो. वस्तीतली माणसे केवळ रोगी गोळा करून आणणारे हस्तक म्हणून वापरली, तर जाळे टिकत नाही.

तोपर्यंत इतरत्रही लोकांनी स्वतःच्या बळावर संस्था उभ्या केल्या होत्या, आणि पुढे आणखी झाल्या. कॅलिफोर्नियात ओकलंड येथे १९७१ मध्ये ‘ला क्लिनिका दे ला रासा’ निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात १९७८ मध्ये ‘इन्स्तितुतो फामिलियार दे ला रासा’ ही खास मनाच्या आरोग्याची संस्था उभी राहिली. वॉशिंग्टन शहरात यादवीतून आलेल्या निर्वासितांसाठी १९८३ मध्ये ‘ला क्लिनिका देल पुएब्लो’, म्हणजे ‘लोकांचा दवाखाना’, सुरू झाला.

या संस्था आणि घरे यांच्यामधला दुवा म्हणजे ‘प्रोमोतोरा’. हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. १९६० नंतर लॅटिन अमेरिकेच्या खेड्यांत, जेथे डॉक्टर जात नव्हता तेथे, गावातल्याच माणसांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देऊन तयार करण्याची चळवळ पसरली. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांच्या विचारांचा तिच्यावर प्रभाव होता. स्थलांतरितांबरोबर ही प्रथा उत्तरेकडे आली. प्रोमोतोरा बहुधा स्त्री असते. तिच वस्ती, तीच भाषा, बहुधा तेच कष्ट तिने भोगलेले. ती रोगनिदान करीत नाही, औषध देत नाही. ती घरी जाते, बसते, ऐकते.

तिचे काम कसे चालते, हे कळावे म्हणून एक काल्पनिक प्रसंग घेऊ. समजा, एक बाई आहे. चार वर्षांपूर्वी होंडुरासहून आली, हॉटेलात खोल्या झाडते. मोठी मुलगी आईजवळ मागे राहिली आहे. तिला झोप येत नाही, धाकट्या मुलावर ती विनाकारण ओरडते. ‘तुम्हांला मानसोपचाराची गरज आहे’ असे तिला कोणी सांगितले, तर ‘मी वेडी नाही’ एवढेच उत्तर येईल. स्पॅनिशमध्ये म्हण आहे की मळकी धुणी घरातच धुवावीत. आपण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतो. प्रोमोतोरा हे जाणते. ती मुलाच्या लसीच्या निमित्ताने येते. दुसऱ्या खेपेला मक्याच्या भाकरी भाजता भाजता गावाकडच्या गोष्टी निघतात. तिसऱ्या खेपेला मागे राहिलेल्या मुलीचे नाव निघते आणि बाई रडते. तेव्हा प्रोमोतोरा म्हणते, ‘ताई, असे माझेही झाले होते. आपल्या भाषेत बोलणारी एक डॉक्टरीणबाई आहे. पहिल्या दिवशी मी तुमच्याबरोबर येईन.’ या शेवटच्या वाक्यातच सारे सार आहे. ‘मी तुमच्याबरोबर येईन’ हे वाक्य कोणत्याही पत्रकावर छापून चालत नाही. त्यामागचा जो भाव, त्याला ते लोक ‘कॉन्फियान्सा’ म्हणतात. आपला शब्द विश्वास.

एकटी प्रोमोतोरा म्हणजे जाळे नव्हे. जाळ्याला पुष्कळ गाठी लागतात. चर्चमधला पाद्री एक गाठ. घरातले भांडण डॉक्टरच्या आधी त्याच्या कानी जाते. शाळेतला समुपदेशक दुसरी. मेक्सिकोच्या अमेरिकेत सुमारे ५० वकिलाती आहेत. पासपोर्ट आणि कागदपत्रांसाठी लोक तेथे ताटकळत बसतात. त्यांच्यासाठी २००३ च्या सुमारास तेथे ‘आरोग्याची खिडकी’ उघडण्यास प्रारंभ झाला, ही आणखी एक गाठ. झाडपाला आणि प्रार्थना यांनी बरे करणारा ‘कुरान्देरो’ हा जाणकार काही ठिकाणी डॉक्टरांचा शत्रू न राहता सोबती झाला आहे. आणि जाळ्याच्या टोकाला रोग्याची भाषा जाणणारा खरा तज्ज्ञ हवाच. मिस्तेको बोलणाऱ्या मजुरासाठी मिस्तेको जाणणारा दुभाषी हवा; कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डच्या परिसरात त्याच समाजाच्या संस्थेने असे दुभाषी तयार केले आहेत.

जाळे असे विणले म्हणजे काय साधते, याचे एक उदाहरण मनाला चटका लावणारे आहे. अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या पाहण्यांत आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या लॅटिना मुलींचे प्रमाण वर्षानुवर्षे चिंताजनक आढळत आले. लुइस सायास यांनी अशा मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलून या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास केला. मुलगी न्यूयॉर्कच्या शाळेत वाढते. आई दुसऱ्या देशाच्या रीतीत वाढलेली. मुलीला मोकळीक हवी असते आणि घरही हवे असते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. २००८ मध्ये डॉ. रोझा गिल यांच्या ‘कोम्युनिलाइफ’ या संस्थेने न्यूयॉर्कमध्ये अशा मुलींसाठी ‘लाइफ इज प्रेशस’ हा उपक्रम काढला. शाळा सुटल्यावर मुली तेथे येतात, चित्रे काढतात, गातात, अभ्यासात मदत घेतात, आईलाही बोलावतात. हे ठिकाण दवाखाना नाही. मुलीचा उपचार तिच्या डॉक्टरकडे चालू राहतो आणि हा उपक्रम त्याला धरून राहतो. आठवड्यातला एक तास डॉक्टरचा. उरलेल्या दिवसांना कोणाचा तरी आधार लागतोच.

येथे काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, ‘संस्कृतीला अनुरूप’ म्हणता म्हणता माणसावर संस्कृतीचा शिक्का बसतो. लॅटिनो म्हणजे कुटुंबवत्सल, लॅटिनो म्हणजे श्रद्धाळू, असे गृहीत धरले की ज्या मुलीला कुटुंबातच मार बसतो तिचे दुःख दिसेनासे होते. हा धोका खरा आहे. म्हणूनच आधी माणसाला विचारावे आणि मग समजूत करून घ्यावी. वर सांगितलेल्या १६ प्रश्नांचे मर्म तेच. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. जी बाई शेजारीण आहे तिला मनातले सांगितले, तर उद्या ते साऱ्या गल्लीत होणार नाही कशावरून? तोंड मिटून ठेवणे हा प्रोमोतोराच्या शिक्षणातला पहिला पाठ असला पाहिजे, आणि ज्याला शेजारीण नको असेल त्याला दुसरी वाट मोकळी हवी. आत्महत्येच्या संकटात मदत देणारा ९८८ हा दूरध्वनी क्रमांक जुलै २०२२ पासून तेथे सर्वत्र चालू झाला आणि पुढच्या वर्षी त्यावर स्पॅनिशमधून लेखी संदेशानेही बोलण्याची सोय झाली, ती अशा माणसाच्या उपयोगी पडते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. गरिबांना स्वस्तातली माणसे आणि श्रीमंतांना डॉक्टर, अशी ही वाटणी तर नव्हे? लिंकनची आठवण येथे पुन्हा होते. प्रोमोतोराला वर्षानुवर्षे अनुदानाच्या तुकड्यांवर राबावे लागले. अनुदान संपले की तिचे काम संपे, आणि ज्या घरांनी तिच्यावर विश्वास टाकला ती घरे पुन्हा एकटी पडत. अलीकडे यात सुधारणा होत आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात अशा आरोग्यसेवकांना स्वतंत्र स्थान मिळाले. जुलै २०२२ पासून कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्यविम्यातून त्यांच्या कामाचे पैसे देण्याची तरतूद झाली. आमच्या मते कसोटी साधी आहे. जाळ्याच्या टोकाला तज्ज्ञ असेल तर प्रोमोतोरा ही वाट होते. तज्ज्ञच नसेल तर ती कोठेही न पोहोचणारी वाट ठरते.

आणि ही वाट बुजायला वेळ लागत नाही. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा त्यांच्या भाषेत समजावी, असा अध्यक्षीय आदेश २००० साली निघाला होता. मार्च २०२५ मध्ये इंग्रजी ही अधिकृत भाषा जाहीर करताना तो रद्द करण्यात आला. त्याआधी दोन महिने, जानेवारीत, चर्च, शाळा आणि इस्पितळे येथे परदेशी नागरिकांची धरपकड शक्यतो टाळण्याचे जे धोरण होते, तेही मागे घेण्यात आले. या धोरणांच्या राजकारणात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण जाळ्याच्या ज्या गाठी आम्ही वर मोजल्या त्या आठवून पाहा: चर्च, शाळा, इस्पितळ! जेथे जाताना पकडले जाण्याची धास्ती आहे, तेथे आधीच धसका घेतलेला माणूस कशाला जाईल? अशा वेळी घरी येणारी, नावाने हाक मारणारी प्रोमोतोरा हीच काय ती वाट उरते.

या साऱ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. प्रोमोतोराची ती सख्खी बहीण शोभेल. गोव्यात तर मनाच्या आरोग्यासाठीच हा प्रयोग झाला. तेथील दवाखान्यांत पदवी नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी औदासीन्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रोग्यांना मदत केली; सरकारी आरोग्यकेंद्रांत त्याचा स्पष्ट गुण आला, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्याच्या खेड्यांतही ‘आत्मीयता’ या नावाने गावकऱ्यांनाच अशा कामासाठी तयार करण्यात आले. भूगोल निराळा, भाषा निराळी; पण घर आणि दवाखाना यांच्यामधले अंतर तेच आहे.

आपल्या ओळखीत असा एखादा माणूस असतोच, की जो अलीकडे बोलेनासा झाला आहे. त्याला पत्ता लिहून दिला, तर तो कागद बहुधा खिशातच राहील. पहिल्या दिवशी आपण त्याच्याबरोबर गेलो, तर तो जाण्याचा संभव पुष्कळ अधिक आहे.